रंग उडालेली गिटार

मागच्या सेमिस्टरला आमच्या रूममध्ये सलग तीन दिवस भांडण चाललं होतं. विषय अभ्यासाचा नव्हता (तो कधीच नसतो). विषय होता गिटारवरचा रंग!

झालं असं, की मी एक सेकंडहँड इलेक्ट्रिक गिटार घेतली. काळी कुळकुळीत आणि आरशासारखी चकचकीत. रूम पार्टनरचं म्हणणं, आरसा फुटला तर हिच्यात बघून दाढी करता येईल. आणि मला नेमकं तेच खुपत होतं. मला हवी होती पोस्टरमधल्या मोठ्या कलाकारांच्या हातात असते तशी. रंगाचे पापुद्रे गेलेली, कडा झिजलेल्या, आतलं लाकूड दिसणारी. अशा गिटारी नव्यासुद्धा मिळतात, त्यांना ‘रेलिक’ म्हणतात. कंपनी नवी कोरी गिटार तयार करते, मग मुद्दाम घासते, ठोकते, रंगाला तडे पाडते, स्क्रू गंजवते आणि वर नव्यापेक्षा जास्त पैसे घेते.

यावर रूममध्ये तीन पक्ष पडले. पहिला पक्ष म्हणजे मी. माझं मत, अशी गिटार हातात घेतली की खडबडीत, आपलीशी वाटते, ओरखड्याची भीती राहत नाही. दुसरा पक्ष रूम पार्टनरचा. त्याचं मत, हा प्रकार गुडघ्यावर फाडून विकलेल्या जीन्ससारखा आहे, न केलेल्या कष्टांचं सर्टिफिकेट विकत घेणं. तिसरा पक्ष समोरच्या रूममधल्या मेकॅनिकलवाल्याचा. त्याचं म्हणणं एवढंच, की गंज हा दोष आहे आणि दोषाचे पैसे द्यायचे नसतात, कापायचे असतात.

तसं पाहिलं तर गिटारच्या पृष्ठभागाशी खेळणं नवीन नाही. अमेरिकेतल्या बो डिडलीने आपल्या गिटारवर चक्क केसाळ फर चढवली होती. फेंडर कंपनीने १९६८ मध्ये टेलिकास्टर गिटारींवर गुलाबी कोयरीच्या नक्षीचा भिंतीचा कागद चिकटवून वरून लॅकर मारला. हो, आपल्या आजीच्या शालीवर असते तीच कोयरी! इंग्लंडमधले टोनी झेमेटिस गिटारच्या तोंडावर धातूचा पत्रा बसवायचे आणि त्यावर बंदुकांवर कोरीवकाम करणारा कारागीर नक्षी काढायचा. हे सगळे प्रकार हौसेने, ठरवून केलेले. माझा विषय मात्र अशा एका गिटारचा आहे, जिचा पृष्ठभाग कोणी ठरवून केला नाही, आणि तरीही त्याची नक्कल झाली.

त्या गिटारपर्यंत मी कसा पोचलो ते आधी सांगतो, कारण त्यात माझी फजिती आहे आणि फजितीशिवाय हॉस्टेलचा लेख पूर्ण होत नाही.

भांडणाच्या तिसऱ्या दिवशी मी सरळ काचपेपर आणला आणि गिटार घासायला बसलो. दोन संध्याकाळी घासली. काळा थर काही केल्या हटेना. मग वर्कशॉपमधून एक कानस ‘उसनी’ आणली. काळ्याच्या खाली लाकूड निघेल असं वाटलं होतं. निघाला पांढरा, प्लॅस्टिकसारखा जाड थर, आणि त्याच्याही खाली प्लायवूडचे पट्टे! पोस्टरमधली गिटार सोडाच, उंदराने कुरतडलेल्या कॅरम बोर्डसारखं काहीतरी तयार झालं. कानस परत ठेवायला गेलो तर सुतारकामाच्या शॉपमधल्या काकांनी पकडलं. गिटार दाखवावी लागली. ते हसले नाहीत. त्यांनी ती उलटसुलट केली, दांडीवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, की ही सुरात राहते का? तारा कधी बदलल्या? मला दोन्ही प्रश्नांची उत्तरं देता आली नाहीत.

त्या रात्री मी झिजलेल्या गिटारींबद्दल वाचत बसलो आणि रोरी गॅलहर भेटला.

*

रोरीचा जन्म २ मार्च १९४८ चा, आयर्लंडच्या वायव्येकडच्या बॅलिशॅनन या लहान गावातला. आपल्या लोकांना आवडेल अशी गोष्ट म्हणजे त्याचे वडील त्या गावात जलविद्युत प्रकल्पाच्या कामावर होते. अर्न नदीवर वीजकेंद्र उभं राहत होतं, त्या बांधकामात त्यांना नोकरी होती. वडील अ‍ॅकॉर्डियन वाजवायचे, आई गायची आणि नाटकात काम करायची. पुढे कुटुंब डेरीला गेलं, तिथे धाकटा भाऊ डोनल जन्मला. मग आई दोन्ही मुलांना घेऊन दक्षिणेला, कॉर्क या आपल्या माहेरच्या शहरात आली.

नवव्या वर्षी रोरीला पहिली साधी गिटार मिळाली. शिकवायला कोणी नाही. रेडिओवर रात्री लागणारं अमेरिकन संगीत ऐकायचं आणि पुस्तकात बघून बोटं बसवायची. बाराव्या वर्षी त्याने एका स्पर्धेत बक्षीस जिंकलं आणि त्यातून पहिली इलेक्ट्रिक गिटार घेतली.

आणि मग १९६३ साल. कॉर्कमध्ये क्रॉली यांचं वाद्यांचं दुकान होतं. तिथे एक फेंडर स्ट्रॅटोकास्टर विकायला आली. १९६१ ची, सनबर्स्ट रंगाची, म्हणजे मध्यभागी पिवळी, मग लालसर आणि कडेला काळी पडत गेलेली. आयर्लंडमधली ती पहिलीच स्ट्रॅटोकास्टर असं म्हणतात. ती दुकानात येण्याचं कारणसुद्धा रंगच! एका प्रसिद्ध शोबँडच्या गिटारवादकाने लाल रंगाची मागवली होती आणि आली सनबर्स्ट. लाल येईपर्यंत त्याने ती वापरली आणि नंतर दुकानात दिली. म्हणजे जी गिटार पुढे जगभर ओळखली गेली, ती मुळात चुकीच्या रंगाची म्हणून नाकारलेली होती.

किंमत १०० पौंड. पंधरा वर्षांच्या शाळकरी पोरासाठी ही रक्कम म्हणजे डोंगर. रोरीने ती हप्त्यांवर घेतली. घरी पटवताना त्याने मांडलेलं गणित भावाने पुढे सांगितलं आहे. एकाच गिटारवर मी ऱ्हिदम आणि लीड दोन्ही वाजवीन, म्हणजे दुसऱ्या वादकाचे पैसे वाचतील आणि हप्ते फिटतील! बजेट मंजूर करून घेण्याची ही पद्धत आपल्या फेस्टच्या कमिटीनेही शिकण्यासारखी आहे.

हप्ते फेडायला तो एका शोबँडमध्ये लागला. शोबँड म्हणजे एकसारखे सूट घालून लोकांना नाचायला हिट गाणी वाजवणारा ताफा. शाळा सुरू आणि रात्री कार्यक्रम. त्याला स्वतःचं ब्लूज वाजवायचं होतं, पण त्या मंडपांत ते चालत नव्हतं. पुढे हा ताफा आयर्लंडबाहेरही फिरला. १९६६ मध्ये कॉर्कमध्ये त्याने स्वतःचा तिघांचा गट काढला, त्याचं नाव ‘टेस्ट’.

याच सुमारास डब्लिनमध्ये व्हॅनमधून त्याची ती स्ट्रॅटोकास्टर चोरीला गेली. पोलिसांच्या टीव्ही कार्यक्रमात तिची माहिती दाखवली गेली. काही दिवसांनी ती सापडली, रस्त्याकडेला टाकून दिलेली, पावसात भिजलेली, ओरखडे पडलेली. दुसऱ्या कोणी ती रंगवून घेतली असती. रोरीने ठरवलं, की आता ही कधी विकायची नाही आणि कधी रंगवायची नाही. हा निश्चय त्याने शेवटपर्यंत पाळला.

*

आता थोडं केमिस्ट्री. (फर्स्ट इयरवाल्यांनी पान उलटू नये, हे परीक्षेला नाही.)

त्या काळी फेंडर नायट्रोसेल्युलोज लॅकर वापरायची. कापसातलं सेल्युलोज नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाच्या मिश्रणातून काढलं की नायट्रोसेल्युलोज मिळतं. नायट्रेशन जास्त केलं तर तेच स्फोटक बनतं, बेताने केलं तर लॅकर. १९२० च्या दशकात ड्युपाँ कंपनीने ‘ड्युको’ नावाने तो मोटारींसाठी आणला आणि गाडी रंगवून वाळवायला लागणारे आठवडे काही तासांवर आले. आपल्याकडचे फर्निचरवाले अजून ‘ड्युको मारू का?’ असं विचारतात, ते नाव तिथून आलं आहे.

हा लॅकर फक्त द्रावक उडून गेल्याने वाळतो. त्याच्या रेणूंमध्ये आडव्या गाठी बसत नाहीत. त्यामुळे थर पातळ राहतो, पण तो कायम थोडा हळवा असतो. योग्य द्रावक मिळाला तर पुन्हा विरघळतो, घामाने आणि उष्णतेने मऊ पडतो, वर्षं गेली की कडक होतो. खालचं लाकूड दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आक्रसतं, आणि वरचा कडक झालेला थर त्याच्याबरोबर ताणला न गेल्याने त्याला बारीक तडे जातात. माझ्या गिटारवर होता तो पॉलिएस्टरचा प्रकार. त्यात रेणू एकमेकांना पक्के बांधले जातात. तो जाड, टणक, वर्षानुवर्षं चकचकीत राहतो. तो झिजत नाही, झिजलाच तर टवका उडतो. माझी कानस का हरली ते मला इथे कळलं.

रोरीच्या गिटारबाबत एक गोष्ट नेहमी सांगितली जाते, की त्याचा रक्तगट दुर्मिळ होता आणि म्हणून त्याचा घाम रंग खाणारा होता. रक्तगटाचा आणि घामाचा हा संबंध मला काही पटलेला नाही. पण त्याची गरजही नाही. घामात पाणी, मीठ आणि लॅक्टिक आम्ल असतंच. पातळ लॅकर, त्यावर एकदा पावसात भिजलेली गिटार, गरम दिव्यांखाली दोन-दोन तासांचे कार्यक्रम, वर्षातले बहुतेक दिवस दौऱ्यावर, आणि हे सगळं तीस वर्षं! ज्या जागी उजवा हात घासतो तिथून रंग जायला लागला आणि हळूहळू पसरत गेला. शेवटी पुढच्या बाजूला मूळ सनबर्स्टचे कडेकडेचे तुकडे तेवढे उरले. बाकी सगळं उघडं लाकूड, घाम पिऊन तपकिरी-करडं झालेलं. गावाकडच्या जुन्या घराचा उंबरा असतो ना, तसं.

पण मला चकित केलं ते दुसऱ्याच गोष्टीने. गिटारचा चेहरा जसाच्या तसा सोडणारा हा माणूस आतलं काम मात्र कधी सोडत नव्हता. फ्रेट्स झिजल्या की नव्या, आणि हे कितीतरी वेळा. पिकअप्स गेले की बदलले. टोनच्या बटणांची जोडणी स्वतःला हवी तशी करून घेतली. खुंट्या बदलल्या, तर सहापैकी पाच एका कंपनीच्या आणि सहावी दुसऱ्याच कंपनीची! दिसायला विजोड, पण सूर धरते ना, मग झालं. दांडीवर खूण म्हणून बसवलेला एक ठिपका पडला, त्या जागी दुसरा, न जुळणारा ठिपका बसवला. एकदा तर दांडीने इतका घाम शोषला, की ती वाकायला लागली. तेव्हा ती काढून ठेवून वाळू दिली, तोवर दुसरी दांडी बसवली, आणि मूळची सरळ झाल्यावर पुन्हा चढवली.

म्हणजे ती गिटार ‘दुर्लक्षित’ अजिबात नव्हती. काकांनी मला विचारलेल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं रोरीकडे तयार असणार. आम्ही पोस्टर बघणारे मात्र फक्त उडालेला रंग बघतो. मेंटेनन्स पोस्टरमध्ये दिसत नाही.

*

रोरीचं बाकीचं वागणंही त्या गिटारसारखंच होतं. ‘टेस्ट’ लंडनला आलं. १९६८ मध्ये ‘क्रीम’ या गाजलेल्या गटाचा निरोपाचा कार्यक्रम रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये झाला, त्याआधी स्टेजवर ‘टेस्ट’ होतं. १९७० मध्ये आइल ऑफ वाइटच्या प्रचंड महोत्सवात त्यांनी लोकांना वेड लावलं. पण त्याच वर्षाअखेर गट फुटला. रोरीने १९७१ मध्ये स्वतःच्या नावाने पहिला अल्बम काढला आणि पुढे एकूण अकरा स्टुडिओ अल्बम केले. १९७५ च्या अल्बमचं नाव ‘अगेन्स्ट द ग्रेन’, म्हणजे लाकडाच्या रेषांच्या उलट. सुतारकामाच्या शॉपमध्ये उलटा रंधा मारून बघा, हे नाव त्याला किती शोभतं ते कळेल.

कारण सगळे दिवस चकचकाटाचे होते. कलाकार चंदेरी कपडे घालून स्टेजवर येत. रोरी यायचा चौकड्यांचा शर्ट आणि जीन्स घालून, जणू आत्ताच फाउंड्रीतून सुटलाय! गाणं कापून छोटं करून सिंगल काढायला तो तयार नसे. त्यामुळे कंपन्या वैतागत. एकदा सॅन फ्रान्सिस्कोला एक पूर्ण अल्बम रेकॉर्ड झाला, तो ऐकून त्याला पटला नाही. त्याने तो बाजूला ठेवला, जर्मनीत जाऊन बरीचशी गाणी नव्याने रेकॉर्ड केली आणि मुदतीच्या तोंडावर दिली. नाव ठेवलं ‘फोटो-फिनिश’. सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नल लिहिणाऱ्यांनी हा अल्बम आपला मानायला हरकत नाही. फरक एवढाच, की त्याचं काम आधीच झालेलं होतं आणि तो ते फाडून पुन्हा करत होता.

जानेवारी १९७५ मध्ये त्याला रोलिंग स्टोन्सने रॉटरडॅमला बोलावलं. त्यांचा एक गिटारवादक सोडून गेला होता. रोरी गेला, काही रात्री त्यांच्याबरोबर वाजवलं. पण निर्णय काही होईना आणि त्याचा जपानचा दौरा ठरलेला होता. तिथल्या लोकांनी तिकिटं काढलेली. तो उठला आणि जपानला गेला. जगातल्या सगळ्यात मोठ्या रॉक बँडची जागा अशी मागे राहिली. आमच्या रूममध्ये यावरही भांडण झालं. प्लेसमेंटच्या सीझनमध्ये या गोष्टीकडे तटस्थपणे बघणं अवघड आहे.

पण मला त्याची सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती बेलफास्टची. सत्तरच्या दशकात उत्तर आयर्लंड पेटलेलं होतं. बॉम्ब, गोळीबार, रस्त्यावर सैन्य. बाहेरचे कलाकार तिथे जायला घाबरत आणि त्यांना दोषही देता येत नाही. रोरी मात्र दरवर्षी गेला. अल्स्टर हॉलमध्ये त्याचा कार्यक्रम असला, की एरवी एकमेकांच्या गल्लीत न जाणारी प्रोटेस्टंट आणि कॅथलिक पोरं एकाच हॉलमध्ये शेजारी उभी राहत. १९७४ च्या जानेवारीतल्या त्याच्या आयरिश दौऱ्यात बेलफास्ट, डब्लिन आणि कॉर्क ही तिन्ही शहरं होती. त्याचं ध्वनिमुद्रण ‘आयरिश टूर ’७४’ म्हणून निघालं आणि त्यावर चित्रपटही झाला. गिटार शिकणाऱ्या कोणीही सुरुवात तिथून करावी. त्या गिटारवर जो घाम मुरला आहे, त्यातला काही बेलफास्टचा आहे. तो कारखान्यात मिळत नाही.

*

इथे लेख संपवला असता तर बरं झालं असतं. पण रोरीचं आयुष्य इथे संपत नाही.

ऐंशीच्या दशकात संगीताची फॅशन बदलली. रोरी दौरे करत राहिला. लग्न केलं नाही, घर असं नव्हतंच, हॉटेलच्या खोल्या आणि रस्ते. डोनल सगळी व्यवस्था बघायचा. रोरीला विमानप्रवासाची भीती बसली होती. आणि ज्याचं पोट दौऱ्यावर, त्याला विमान चुकत नाही. डॉक्टरांनी भीतीसाठी गोळ्या दिल्या. मद्य होतंच. गोळ्या आणि मद्य एकत्र येऊन आत यकृत खराब करत गेले. १९९० मध्ये ‘फ्रेश एव्हिडन्स’ हा त्याचा शेवटचा स्टुडिओ अल्बम निघाला. त्या वर्षांतले फोटो बघवत नाहीत. चेहरा सुजलेला, आणि हातात तीच गिटार.

१९९५ च्या जानेवारीत नेदरलँड्सच्या दौऱ्यात तो इतका आजारी पडला, की दौरा अर्धवट सोडावा लागला. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये यकृताचं प्रत्यारोपण झालं. आशा वाटत होती. मग प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जंतूंचा संसर्ग झाला आणि १४ जून १९९५ रोजी तो गेला. वय ४७. कॉर्कजवळच्या बॅलिनकॉलिगला त्याचं दफन झालं.

हे वाचून मी बराच वेळ बसून राहिलो. ज्या माणसाने गिटारची वाकलेली दांडी काढून, वाळवून, सरळ करून परत बसवली, त्याला स्वतःला असं काढून बाजूला ठेवणारं कोणी मिळालं नाही. किंवा मिळालं असेल, त्याने ठेवू दिलं नसेल. भावाने प्रयत्न केले नसतील असं तर म्हणवत नाही. गिटारची झीज बाहेरच्या बाजूने होती. सगळ्यांना दिसणारी, कौतुक होणारी, आणि वाजण्याच्या दृष्टीने निरुपद्रवी. माणसाची झीज आत होती. मेकॅनिकलवाला म्हणतो तेच खरं, मशीन पेंट गेल्याने बंद पडत नाही, बेअरिंग गेल्याने पडतं. आणि बेअरिंगचा आवाज ऐकायला कान द्यावा लागतो.

हा मेकॅनिकलवाला स्वतः बाइकचं सर्व्हिसिंग एक दिवसही चुकवत नाही. पण त्याला दोन महिने पोटात जळजळ होत होती आणि तो मेसनंतर एक गोळी चघळून गप्प बसत होता. आम्ही सगळे बघत होतो आणि हसत होतो.

*

आता राहिला रेलिकचा प्रश्न. योगायोग असा, की ज्या १९९५ मध्ये रोरी गेला, त्याच वर्षी फेंडरच्या कस्टम शॉपने ‘रेलिक’ नावाने मुद्दाम जुन्या केलेल्या गिटारी बाजारात आणल्या. दशकाअखेर रोरीच्या गिटारची हुबेहूब प्रतही निघाली. उडालेल्या रंगाचा प्रत्येक डाग जागच्या जागी, ती विजोड सहावी खुंटीसुद्धा! जी खुंटी त्याने गरजेपोटी बसवली, ती आता कारखान्यात मोजून-मापून विजोड बसवली जाते.

रूम पार्टनरला हे सांगितल्यावर त्याने विजयी चेहऱ्याने माझ्याकडे बघितलं. पण मला अजूनही त्याचं पूर्ण पटत नाही. अशी प्रत बनवणारे कारागीर चोर नाहीत. नायट्रोचा थर तसा तडकवणं, लाकडाला तसा रंग आणणं हे कसबाचं काम आहे, हे दोन संध्याकाळी काचपेपर चालवलेल्या माणसाइतकं कोणाला कळणार? झिजलेली कडा हाताला गुळगुळीत लागते, वाजवायला बरी वाटते, हेही खरं आहे. ज्याला आवडते त्याने घ्यावी. फक्त आपण काय विकत घेतलं ते माहीत असावं. रंग उडाल्याचं चित्र विकत मिळतं. तो उडण्यासाठी लागलेली तीस वर्षं, ते हप्ते, तो पाऊस, ते बेलफास्ट मिळत नाही. आणि तसं बघितलं तर ते यकृतही मिळत नाही, हे आपलं नशीब.

मूळ गिटार डोनलने वर्षानुवर्षं सांभाळली. १७ ऑक्टोबर २०२४ रोजी लंडनमध्ये बोनहॅम्सच्या लिलावात ती ८ लाख ८९ हजार ४०० पौंडांना गेली, म्हणजे आपले साडेनऊ कोटी रुपयांच्या वर. हप्त्यांवर घेतलेली १०० पौंडांची गिटार! ती घेणाऱ्या आयरिश कंपनीने ती आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाला द्यायचं जाहीर केलं. बॅलिशॅननमध्ये रोरीचा ब्राँझचा पुतळा २०१० पासून आहे, आणि २०२५ च्या जानेवारीत बेलफास्टमध्ये अल्स्टर हॉलबाहेरही एक उभा राहिला. ज्या शहरात लोक जायला घाबरत तिथे त्याची कायमची जागा झाली, हे मला त्या साडेनऊ कोटींपेक्षा मोठं वाटतं.

माझ्या गिटारचं म्हणाल तर काकांनी एका शनिवारी तिच्या दांडीतला रॉड कसा फिरवायचा ते दाखवलं. बेताने, एका वेळी पाव फेरा. तारा बदलल्या. एक खुंटी ढिली होती, तिथे बाजारातून मिळाली ती बसवली. बाकीच्या पाचांशी ती जुळत नाही आणि मी ती मुद्दाम विजोड बसवलेली नाही, हे इथे प्रामाणिकपणे नमूद करतो. पांढरा टवका तसाच आहे. रूम पार्टनरने त्यावर कॉलेजचा स्टिकर लावायची सूचना केली होती, ती मी नाकारली. तो माझ्या मूर्खपणाचा डाग आहे आणि तो तरी नक्की अस्सल आहे.

आणि हो, मेकॅनिकलवाल्याला आम्ही दोघांनी धरून डॉक्टरकडे नेलं. अल्सरची सुरुवात होती, वेळेत सापडली. तो आता मेसमध्ये ताक पितो आणि आम्हाला शिव्या देतो. संध्याकाळी आमच्या रूममध्ये येऊन बसतो आणि गिटार बेसूर झाली की लगेच सांगतो. कान चांगला आहे त्याचा.